दोन-दोन

चष्मा काढला की मला सगळं दोन-दोन दिसतं. डोळ्यांना सिलिंडरचा नंबर आहे ना. चष्म्यात फुटबॉल कसला खेळणार? म्हणून डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचे नंबर भरून मी स्वतःच ऑनलाइन लेन्स मागवल्या.

आज दुपारी त्या आईसमोरच घातल्या. शेजारच्या टाकीवर कावळा एकच. गेटजवळ जास्वंद एकच. मी तर जिंकलेच की!

मग आईकडे वळले.

आई दोन होत्या. खांद्याला खांदा लावून, दोघी अगदी स्वच्छ.

"भैरवी, दिसतंय का गं नीट?" दोघींचे ओठ एकदमच हलले.

"व्हय," मी कसंबसं म्हटलं.

"मग चहा टाकते," म्हणत एक स्वयंपाकघरात गेली. आत गॅस पेटला.

दुसरी तिथंच उभी होती. ती माझ्या कानाशी वाकली.

"तिचा चहा पिऊ नगंस, बाळा."