मोकळी तार

"पाचव्या दिशी पाणी येतंय, आन् चार माणसांची धुणी ह्या सुतळीवर. सुतळी हाय का शेवई?" कस्तुराबाई मोरीपाशी बसून लुगडं पिळता पिळता पुटपुटत होत्या.

सोनालीनं सासूचं बोलणं ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं. सुतळी मधोमध इतकी वाकली होती की नवऱ्याच्या, भारतच्या, पँटचे पाय जमिनीला टेकले होते. आणि तिथून चार हातांवर, अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, चांगली वीस फुटी जाड तार मोकळी होती. तिच्याकडं कुणी बघत नव्हतं.

तार दोन घरांची. एक टोक यांच्या पत्र्याच्या अँगलला, दुसरं शेजारच्या रत्नम्माच्या भिंतीतल्या खुंटीला. नऊ वर्षं दोन्ही घरांची धुणी तिच्यावर वाळली. या गल्लीत दिवस वारांनी मोजत नाहीत, पाण्यांनी मोजतात. तर दोन पाण्यांमागं सोनालीनं ओलं पातळ तारेवर टाकलं आणि बोटांपासून कोपरापर्यंत काहीतरी सणकत गेलं. हात आपसूक सुटला म्हणून ती आज उभी होती. ओट्यावर सासरे होते, बिरप्पा. त्यांनी तिच्याकडं बघितलं, मग वर पत्र्याकडं, आणि म्हणाले, "तारंचा गंज लागतोय कापडाला. सुतळी आणतो."

तेव्हापासून घरात जो तो धुणं वाळवण्यातला जाणकार झाला. भारत म्हणाला, स्टँड बरा, घडी घालून ठेवता येतो. आणलाही. कस्तुराबाईंना मेंढरांमागं फिरायचे दिवस आठवले. बोरीच्या काट्यांवर कापड टाकावं, वाऱ्यानं उडत नाही, चिमटा लागत नाही. सोनाली स्वतः म्हणाली होती, सावलीत वाळवलं की रंग टिकतो. सगळ्यांचीच मतं रास्त होती. तार का सोडली, हे मात्र कुणी कुणाला विचारलं नाही.

विचारायचं काय? नळाला धार करंगळीएवढी. मोटार लावल्याशिवाय पिंप भरत नाही, आणि मोटारीची वीज बिरप्पांनी खांबावर आकडा टाकून पत्र्यावरून आणली होती. ती वायर कुठंतरी सोलली होती. मोटार चालू झाली की पत्र्यात करंट, आणि पत्र्यातून तारेत. मध्ये एकदा बिरप्पा पत्र्यावरचा पालापाचोळा काढायचा म्हणून खिशात वायरीला गुंडाळायची काळी चिकटपट्टी घेऊन वर चढले होते. खाली उतरले, हात धुतले. काम झालं का, हे बघायला तारेला बोट लावायची छाती त्यांचीही झाली नाही. तार सोडवून काढावी तर रत्नम्मा कारण विचारणार. आणि रत्नम्माचा सख्खा भाचा वीज मंडळात वायरमन.

मागच्या पाण्याला रत्नम्मा तारेकडं गेलेली कुणी पाहिली नव्हती. निभावलं, असं प्रत्येकानं आपापल्या मनात म्हटलं.

आज ती आली. अनवाणी. पाय घोट्यापर्यंत ओले, कडेवर बादली, बादलीत दोन जाड चादरी. घरात मोटार घुमत होती.

"रत्नम्मा, भिताडावर टाक की गं चादर," कस्तुराबाई म्हणाल्या. "तितं लई ऊन लागतंय."

"भिताडावर कावळे घाण करतेत, आक्का."

"तारंला गंज हाय," बिरप्पा दारातून म्हणाले. "डाग पडत्याल."

"चादर तांबडीच हाय, अण्णा. डाग पडले तर शोभूनच दिसत्याल."

"आमचा स्टँड घ्या की, मावशी," भारत म्हणाला. "नवाच हाय."

रत्नम्मा हसली. "माझ्या धुण्याची एवढी काळजी माझ्या नवऱ्यानं कधी केली न्हाय."

कुणी हसलं नाही. सोनाली मोटारीच्या बटणाकडं वळली. दारात बिरप्पा होते. ते बाजूला झाले नाहीत. "पिंप अजून अर्धं हाय," ते हळूच म्हणाले, स्वतःच्या पायाच्या अंगठ्याकडं बघत.

अर्धं पिंप, पाच दिवस, चार माणसं. सोनालीनं मनात हिशेब केला आणि ती थांबली. आपण थांबलो, हे तिच्या ध्यानात आलं. तारेची भीती वाटत होतीच. आता स्वतःचीही वाटायला लागली.

अंगणात रत्नम्मानं चादर झटकली. एकदा, दोनदा. मग दोन्ही हातांनी वर उचलली. चादरीतलं पाणी तिच्या कोपरांवरून पायांवर गळत होतं. तिची मूठ आणि तार यांच्यात वीतभर अंतर राहिलं.

सोनाली धावली. तिनं मागून रत्नम्माचं मनगट धरलं आणि सगळा जीव लावून ओढलं. चादर चिखलात पडली.

"काय गं?" रत्नम्मानं विचारलं.

सोनालीनं तोंड उघडलं. पाठीमागं सासरे, सासू, नवरा. तिघांचे श्वास तिला ऐकू येत होते.

"उन्हात टाकू नका, मावशी," ती म्हणाली. "रंग उडंल चादरीचा."

रत्नम्मानं तिच्याकडं पाहिलं. मनगटावरची सोनालीची बोटं गार पडली होती. रत्नम्मानं ती झटकली नाहीत. उलट त्यांच्यावर आपला दुसरा ओला हात ठेवला आणि मग दाराकडं बघून बोलली. आवाज चढवला नाही.

"मागच्या पाण्याला तुमी आत चहा पीत हुता, तवाच मला झटका बसलाय. तारंत करंट हाय, हे मला ठाऊक हाय. आज मी धुणं वाळत घालाय आलेच न्हाय, तुमच्यातलं कोन सांगतंय ते बघाय आले हुते."