साबणाने धुतलेला पाय

डॉक्टरांनी शिंप्याच्या पायाची पट्टी सोडली आणि ते पाहतच राहिले. सकाळी स्वतःच्या हाताने जखमेत सोडलेल्या माशीच्या अळ्यांपैकी एकही जागेवर नव्हती. पायाला मात्र साबणाचा घमघमाट सुटला होता.

"हे कुणी केलं?"

"मी," शिंप्याची थोरली बहीण कमरेवर हात ठेवून म्हणाली. "तुमच्या दवाखान्यात सगळे झोपा काढतात की काय? माझ्या भावाच्या पायात किडे पडले नि कुणाला पत्ता नाही! एकेक वेचून संडासात टाकला. मग घासून धुतलं."

डॉक्टर स्टुलावर टेकले. सगळी औषधं हरल्यावर त्यांनी या अळ्या परगावाहून बर्फाच्या डब्यातून मागवल्या होत्या. निर्जंतुक, खास पाळलेल्या. अळ्यांनी सडलेलं मांस खाल्लं नाही, तर पाय गुडघ्यापासून कापायचा होता. आणि तोही शिलाई मशीन मारायचा पाय.

"आक्का, त्या औषध म्हणून सोडल्या होत्या. सडकं तेवढंच खातात. चांगल्याला तोंड लावत नाहीत."

"एवढी शिस्त आमच्या घरात कुणाला नाही," आक्काचा विश्वास बसेना. "आणि मला कुणी सांगायचं?"

"यांना सांगितलं होतं."

दोघांनी शिंप्याकडे पाहिलं.

"मी सांगणारच होतो," शिंपी म्हणाला, "पण आक्का बोलत होती."

दुसरा डबा आला. डॉक्टरांनी अळ्या सोडल्या, वर जाळी चिकटवली आणि आक्काला कोपरापासून हात जोडले. आक्काने मनावर घेतलं. जरा जास्तच घेतलं. झाडूवालीला खाटेजवळ फिरकू दिलं नाही. नर्सला "हळू, दचकतील" म्हणून दटावलं. भाऊ कण्हला, तर त्यालाच म्हणाली, "गप पड. काम करू दे त्यांना." डॉक्टर दिसले रे दिसले की विचारायची, "दमल्या असतील हो. साखरपाणी देऊ का?" डॉक्टर मागच्या जिन्याने ये-जा करू लागले.

शेवटी जाळी निघाली. खाली गुलाबी, जिवंत मांस.

"पाय वाचला," डॉक्टर म्हणाले. शिंपी लहान पोरासारखा रडला. आक्काने आधी अळ्या किती गुटगुटीत झाल्यात ते पाहून घेतलं, मग डोळे पुसले.

तेवढ्यात उघड्या खिडकीतून एक माशी आत आली आणि ताज्या जखमेवर घिरट्या घालू लागली. डॉक्टरांनी केसपेपर गुंडाळून हात उगारला. आक्काने त्यांचं मनगट वरच्यावर धरलं.

"अहो, थांबा! आई असेल."