हिराबाईचा डबा

रियाने लॅपटॉपवर ‘गिट क्लोन’ची एक ओळ टाइप केली आणि भरती-ओहोटीच्या वेळा सांगणाऱ्या ॲपचा सगळा कोड भराभर उतरू लागला. शेजारी कोलंबी सोलत बसलेल्या तिच्या आईला, मैनाला, काही केल्या उमगेना.

“कुनाचा हाय तो?”

“नॉर्वेची कुणी बाई आहे. तिने सगळ्यांसाठी उघडा ठेवलाय.”

“तिला इचारलंस?”

“विचारायचं नसतं, आई. कुणीही न्यावा.”

“मंग तिच्याकडं काय उरला?”

“सगळाच. तिच्याकडेही पूर्ण, माझ्याकडेही पूर्ण.”

“आनि तू तिला काय देनार?”

“काही सुधारता आलं तर पाठवेन. नाही जमलं तरी ती काही रुसायची नाही.”

हे कसलं बाई येडं घेणं-देणं! मैनाने हात धुतले आणि फळीवरचा स्टीलचा डबा काढला. बोंबील वाळत घालायच्या जागेवरून शेजारच्या हिराबाईशी भांडण झालं, त्याच्या आदल्या दिवशी तिने त्यातून चिंबोरीचं कालवण पाठवलं होतं. शेजारणीचा डबा कोळीवाड्यात कुणी रिकामा परत करत नाही, आणि भरून द्यावा तर आपणच नमल्यासारखं. म्हणून तो तेव्हापासून फळीवरच होता.

डोक्यातला गोंधळ तसाच घेऊन ती हिराबाईच्या दारात जाऊन उभी राहिली.

“रिकामाच आनलाय गो,” ती म्हणाली. “चालंल का?”