सखुबाईची गाठ

सखुबाईने नाथाच्या पायाचं फडकं सोडायला घेतलं आणि पहिल्याच गाठीवर तिचा हात थांबला.

"ही गाठ माजी नाय," ती म्हणाली.

 ओटीवर बसलेली नाथाची आई आवडाबाई अंगणाकडे बघत राहिली. थोरला भाऊ रघु विडी विझवून पुढे सरकला. कोपरी गावात हाड बसवावं, शीर बांधावी, ती सखुबाईनेच. ठाण्याला पहिली आगगाडी आली त्या सालापासून ती हेच करत होती, आणि तिची गाठ नेहमी उजवीकडे वळायची. ही डावीकडे वळली होती.

वीस दिवसांपूर्वी मिठाची पाटी डोक्यावर घेऊन नाथा मिठागराच्या बांधावरून घसरला. टाचेवरची जाड शीर तटकन तुटली. सखुबाईने त्याचा चवडा खाली झुकवून, बांबूच्या कांबी लावून पाय बांधला होता. तुटलेली टोकं जवळ राहिली तरच जुळतात, तेव्हा चाळीस दिवस फडक्याला हात लावायचा नाही, असं तिने तिघांनाही बजावलं होतं. आज शीर कितपत जुळली ते ती स्वतः सोडून बघायला आली होती.

तिने फडकं आणि कांबी काढून नाथाला पालथं झोपवलं. धड पायाची पोटरी दाबली, तसं पाऊल हललं. मग दुखऱ्या पायाची दाबली. पाऊल हललं नाही. तिने पुन्हा दाबली.

"सोडलं कोनी?"

"मी," आवडाबाई म्हणाली. "रोज दुपारी. तेल लावून सरल करीत व्हते. वाकडाच जुलला तर? लंगड्याला पोरगी कोन देल?"

सखुबाईला संताप आला. माया आंधळी असते म्हणतात, पण इतकी?

"आवडे, शीर जुलत व्हती. तू ती रोज तोडलीस."

"झालं ते झालं," रघु म्हणाला. "दिवाली झाली का आगर तुडवायचं हाय. त्याला जोडी लागते, एकट्याला मला कोन ठेवील कामाला? टाक त्या कांब्या. चालंल तसा चालंल."

"चालंल. पन चवड्यात जोर नाय येनार. ओली जमीन तुडवून घट्ट करायची, ते त्याला जल्मात जमनार नाय. पुन्ना बांधला तर जमंल. पन आजपासून नवे चालीस दिवस. यंदाचं आगर गेलं."

मायलेक एकदमच बोलायला लागले. सखुबाईने दोघांना हाताने थांबवलं.

"पाय त्याचा हाय. नाथा, तू सांग. तुला काय करायचंय या पायानं?"

वीस दिवसांत हे त्याला कुणीच विचारलं नव्हतं. तो घोंगडीत तोंड खुपसून पडला होता. त्याने मान वर केली.

"तुडवायचं हाय. यंदा नाय तर पुडच्या साली. बांध."

रघु पाय आपटत अंगणात गेला. बांधताना चवडा दाबून धरायला माणूस लागतं, म्हणून सखुबाईने त्याला हाक मारली.

"तो नको," नाथा म्हणाला. "आये, तू धर."

आवडाबाई जागची हलेना. मग येऊन पायाशी बसली. दोन्ही हातांनी तिने लेकाचं पाऊल धरलं आणि खाली वाकवलं. सखुबाई म्हणाली, "आनखी." तिने आणखी वाकवलं. तिच्या डोळ्यांतलं पाणी नाकावरून ओघळून टाचेवर पडत होतं. ते पुसायला तिने हात सोडला नाही.