वरचं पाणी

वादळाचा आठ नंबरचा बावटा लागला होता, वारा खिडक्यांवर गुद्दे घालत होता, आणि सगळ्यात वरच्या मजल्यावर मिंगच्या कपातला चहा तसूभरही हलत नव्हता. इमारत वाऱ्यात हलू नये, याचं सगळं गणित त्यानेच मांडलं होतं. त्याला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. आई गेल्यापासून त्याला काहीच वाटत नव्हतं.

खालच्या मजल्यावरच्या लाऊबाईंचा फोन आला. "अरे मिंग, मागच्या वादळात मी बादली पोटाशी धरून बसले होते. आज महजाँगचा डाव मांडलाय नि एक सोंगटी पडत नाही! ये, तुलाही हरवते."

तो "हं" म्हणाला आणि बाबांच्या खोलीत डोकावला. पलंग रिकामा होता. चटईही जागेवर नव्हती.

बाबांचा जन्म इथल्याच अ‍ॅबरडीनच्या खाडीत, होडीवर गेलेला. मुलाच्या हट्टापायी आई-बाबा दोघं म्हातारपणी जमिनीवर आली. मग आई गेली आणि बाबांची झोपही तिच्याबरोबर गेली. काढे झाले, गोळ्या झाल्या. झोप आली नाही तर हे फार दिवस काढणार नाहीत, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं.

मागच्या वादळात इमारत नवी होती, गच्चीलगतच्या टाक्या अजून कोरड्या होत्या. इमारत झुलली. झाडून सगळे ओकले, आणि बाबा दिवसभर घोरत पडले. उठून म्हणाले, "तुझी आई शेजारीच होती रे."

मिंगने ते ऐकलं, आणि ठरल्याप्रमाणे टाक्या भरून घेतल्या. एवढ्या बिऱ्हाडांपुढे एका म्हाताऱ्याची झोप किती धरायची?

"म्हणजे ते हलणं गेलं कुठं?" बाबांनी कालच विचारलं होतं.

"वर गेलं, बाबा. इमारत एकीकडे झुकली की टाकीतलं पाणी दुसरीकडे धावतं. आता आपल्याऐवजी ते हलतं."

"बरं," बाबा म्हणाले होते. बस्स, एवढंच.

आता ते आठवलं आणि मिंग दाराकडे धावला. दाराजवळच्या खिळ्यावर गच्चीची किल्ली नव्हती. असल्या वाऱ्यात गच्चीवर! तो अनवाणीच जिना चढत सुटला.

गच्चीचं दार आतून बंदच होतं. त्याच्या अलीकडे टाक्यांची खोली, ती मात्र सताड उघडी, कुलपात तीच किल्ली. आतल्या अंधारात टाकीतलं पाणी या भिंतीवरून त्या भिंतीवर जात होतं, होडीच्या बुडाला लाट लागावी तसं. टाकीला पाठ लावून, चटईवर बाबा गाढ झोपले होते. शेजारी आईची उशी होती.

मिंग पाऊल न वाजवता मागे सरला आणि त्याने दार हळूच ओढून घेतलं.

"दोर जरा सैल सोड गं," आतून झोपेतच बाबा म्हणाले.