लिटरला एक टोपण

बर्फावर पुन्हा काळा डाग पडला होता. स्नोमोबाइलच्या नाकाखाली, बरोबर कालच्याच जागी.

"आज शाम को टूर कंपनी वाले आ रहे हैं," स्नो पार्कचे मॅनेजर इकबाल जाड कोटाच्या खिशातून हात न काढता म्हणाले. "वर्ल्ड कप के गेस्ट यही लोग लाएँगे. उनके सामने एक बूँद भी टपकी, तो गाड़ी भंगार में और ड्राइवर घर. खलास."

"नहीं टपकेगी, सर," चारुलता म्हणाली.

ड्रायव्हर देवीदासकाका शेजारीच उभे होते. 'घर' म्हणजे अल वक्रातली खोली नव्हे, थेट सातारा, हे त्यांना बरोबर कळलं. त्यांनी गाडीच्या सीटवर उगाच हात फिरवला. बाहेर दोहा भट्टीसारखं तापलेलं आणि मॉलच्या पोटात हा बर्फ. त्या बर्फात बर्फगाडी चालवणारा आपल्या तालुक्यातला पहिला माणूस आपणच, असं ते फोनवर घरी सांगत.

चारुलता नाशिकची, पार्कच्या गाड्या सांभाळणारी मेकॅनिकल इंजिनिअर, आणि यंत्रापुढे हात टेकणं तिच्या रक्तात नव्हतं. बाहेरून आलेले दोन तज्ज्ञ गॅस्केट बदलून गेले होते. तरी डाग पडतच होता, आणि ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन उचकी लागल्यासारखं अडखळत होतं. तज्ज्ञांना जमलं नाही म्हणून तिला उलट हुरूपच आला होता.

गाडी मागच्या वर्कशॉपमध्ये आली. तिने इंजिन लख्ख पुसलं आणि बॅगेतून बेबी पावडरचा डबा काढला.

"न्हाऊमाखू घालताय का काय हिला, मॅडम?" काका हसले.

"पावडरवर गळती लगेच उमटते, काका. चालू करा."

इंजिन बराच वेळ चाललं, धुराने वर्कशॉप निळं झालं. पावडर मात्र जशीच्या तशी पांढरी, कुठे ओलीचा ठिपका नाही. म्हणजे इंजिन गळत नव्हतंच. तेल येत होतं ते सायलेन्सरच्या तोंडातून, न जळता, धुराबरोबर. तिने प्लग काढून पाहिले. दोन्ही काळेकुट्ट आणि ओले. पोटात नको इतकं तेल जात होतं, म्हणून उचकी आणि म्हणून डाग. पण जात कुठून होतं?

तिने पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडलं आणि बोट बुडवलं. पेट्रोल उडून जायला हवं होतं. बोट तेलकटच राहिलं. तिने वास घेतला आणि ती थेट नाशिकच्या पेट्रोलपंपावर पोचली. बाबांच्या स्कूटरवर पुढे उभी ती, आणि पंपवाला विचारतोय, टूटी किती टाकू? त्या स्कूटरना पेट्रोलमध्ये तेल मिसळावं लागे, त्या तेलाचं नाव टूटी. या गाडीला तेलाची टाकीच वेगळी. हवं तेवढं तेल ती आपलं आपण घेते. बिचाऱ्या तज्ज्ञांच्या हे डोक्यात येणार कुठून? ते लहानपणी स्कूटरवर पुढे उभे राहिलेच नव्हते.

कोणी टाकलं, असं तिने विचारलंच नाही. गाडीत पेट्रोल रोज काकाच भरत.

"काका, टूटी किती टाकता?"

"लिटरला एक टोपण!" काकांनी खिशातून खोकल्याच्या औषधाचं टोपण काढून दाखवलं. "सकाळी आधी ते, मग च्या. गावाकडं माझ्या स्कूटरचं इंजिन कोरडं पळून बसलं हुतं. तवापास्नं हात आखडत न्हाई मी."

"काका," ती हलकेच म्हणाली, "हिला तेल वेगळ्या टाकीतून मिळतं. ही पोटभर जेवते, आणि तुम्ही वरून भरवताय."

काकांचा चेहरा उतरला. "म्हंजी... ह्यो डाग माझाच?"

चारुलताने गाडीखाली रिकामा डबा सरकवला. रडत बसायला वेळ नव्हता.

"अति तिथे माती, काका. पण माती झटकता येते. यल्ला, चला, पेट्रोलची टाकी रिकामी करा, मी प्लग आणि सायलेन्सर साफ करते!"

संध्याकाळी पाहुणे मागे जोडलेल्या घसरगाडीत बसले आणि काकांनी ॲक्सिलरेटर दाबला. गाडी एकदाही न अडखळता त्यांना ओढत पूर्ण फेरी मारून आली. इकबाल टॉर्च घेऊन मागोमाग वाकून बर्फ पाहत होते. बर्फ स्वच्छ होता. पाहुणे टाळ्या वाजवत निघून गेले.

"क्या था?" इकबालनी विचारलं.

"तेल ज़्यादा पी रही थी, सर."

"पिला कौन रहा था?"

काकांनी तोंड उघडलं. चारुलताने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"सर्विस मेरी है, सर. तो मैंने ही पिलाया."

इकबालनी तिच्याकडे पाहिलं, मग काकांकडे, मग पुन्हा तिच्याकडे. "दुबारा नहीं," ते म्हणाले आणि टॉर्च बंद करून निघून गेले.

काकांनी गाडी जागेवर लावली, हातमोजे काढले आणि ते टोपण चारुलताच्या तळहातावर ठेवलं.

"हे तुझ्यापाशी ठेव, पोरी. मला समदं कळलंय आता. पण सकाळी हाताला न्हाई कळायचं."