शेजाऱ्याचं नाव

"एकमेकांकडं तोंडं करा. हां. आता विचारा, नाव काय, आवडतं काय, भीती कशाची. पाठ झालं की टाळी द्या," शालनबाई म्हणाल्या आणि त्यांनी घड्याळाकडं बघितलं. तपासणीच्या मॅडम यायला पाऊण तास होता.

खेळ चांगला. वर्गात नवी पोरं आली की त्यांची भीड मोडावी म्हणून शिबिरात शिकवलेला. फक्त ही नवी पोरं आज सकाळीच ओळखीच्या एका क्लासवाल्याकडून दोन रिक्षांत कोंबून आणलेली होती आणि दुपारी परत जायची होती. शाळेची खरी पोरं तेरा, उसनी नऊ, पटावर बावीस. वीसच्या खाली गेलं की शाळेला कुलूप, बाई घरी. वरची दोन बाईंनी हिशेबानं धरली होती. पोरं ऐन वेळी तापानं पडतात.

या मॅडम नुसती डोकी मोजत नाहीत, बाकावरच्या शेजाऱ्याचं नाव, आवड विचारतात. काल पलीकडच्या पेठेतली शाळा तशीच सापडली होती.

"तुला काय आवडतं?" सृष्टीनं शेजारच्या उसन्या पोरीला विचारलं.

"कडक भाकरी आन् शेंगाचटणी. तुला?"

"मला पन त्येच की!"

"तेच नको," बाई धावत आल्या. "तू दुसरं काहीतरी आवडून घे. घोळ होतो."

नऊ बाकांवर एकेक घरचं, एकेक उसनं. बाई प्रत्येक बाकाशी तीन-तीनदा फिरल्या. घसा बसला. शेवटच्या दोन बाकांवर घरचीच चार पोरं होती. तिथं कशाला वेळ घालवायचा? ती एकमेकांना ओळखतातच.

मॅडम आल्या, त्या थेट पहिल्या बाकाशी.

"हिचं नाव काय गं?"

"संघप्रिया मिलिंद बनसोडे," सृष्टी एका दमात म्हणाली. "आवडती वस्तू कडक भाकरी. भीती पालीची."

दुसरा बाक, तिसरा, चौथा. पोरं खडाखडा बोलली. बाईंचा जीव जरा भांड्यात पडला. मॅडम एकदम मागं गेल्या.

"याचं नाव रे?"

यशपालनं शेजारी बघितलं. तीन वर्षं दोघं याच बाकावर बसत होते.

"बारक्या."

"पूर्ण नाव?"

"काय की. सगळी बारक्याच म्हणत्यात."

"त्याला आवडतं काय?"

"काय की."

बारक्याला विचारलं, तर तो नुसता फिदीफिदी हसला.

मॅडमनी पेनचं टोपण काढलं. "बाई, आणलेली पोरं निदान पढवायची तरी नीट."

"ही आमचीच आहेत हो! शपथेवर सांगते मॅडम, पहिलीपासूनची—"

"असं? मग काढा रजिस्टर. सगळ्यांचीच नावं ताडू. आधार कार्डंही बघू."

बाईंचा हात कपाटाच्या किल्लीपर्यंत गेला. तिथंच राहिला.

"राहू दे," मॅडम म्हणाल्या. "मला अजून तीन शाळा करायच्यात. ही दोन वजा. वीस उरतात, तुमचं बसतं." मग मायेनं पोरांकडं वळल्या. "उठा बाळांनो. आपापल्या शाळेत जा."

यशपालनं दप्तर उचललं. बारक्याचंही उचलून त्याच्या खांद्यावर अडकवलं. दोघं दारापर्यंत गेले. तिथं यशपाल थांबला.

"बाई, आमची शाळा कंची?"

शालनबाईंनी बाकांवरून नजर फिरवली. ओठ न हलवता मोजली. वीस.

"मॅडम सांगतायत ना? जा," त्या म्हणाल्या. "आणि दार ओढून घ्या."